एका दमात आलेलं पाणी

बाबा, सून कामावर जाताना जेवणाच्या टेबलावर दोन पंप ठेवून गेली आहे आणि संध्याकाळपर्यंत त्यातला एक मी निवडायचा आहे. दिवाळीपासून घरात काचेची टाकी आली आहे, तिच्यात लाल मासे आहेत, आणि दर आठवड्याला त्यांचं थोडं पाणी काढून नवं घालावं लागतं. एक पंप विजेचा आहे, कांद्याएवढा. पाण्यात सोडायचा, बटण दाबायचं, पाणी आपोआप बादलीत. दुसरा हाताचा, म्हणजे नळीच्या मधोमध एक रबरी गोळा. तो दोनचारदा दाबला की पाणी चालू होतं. दुकानदार म्हणाला, नको असेल तो सोमवारी परत आणा. "आई, तुम्ही शाळेत शिकवत होता ना, मग तुम्हीच ठरवा," असं म्हणून तिनं चपला घातल्या आणि ती गेली. मी जन्मभर भूगोल आणि मराठी शिकवलं, पण सुनेच्या लेखी शाळेतली बाई म्हणजे सगळं येणारी. मी तो रबरी गोळा हातात घेतला, एकदा दाबला आणि खाली ठेवला. असाच गोळा तुम्हीही एकदा हातात घेऊन खाली ठेवला होता. तुम्हाला जाऊन इतका काळ लोटला की आज मी तुमच्याहून कितीतरी म्हातारी आहे, तरी पंप निवडायची वेळ आली तेव्हा लिहावंसं वाटलं ते तुम्हालाच.

अकोल्याच्या जुन्या शहरातलं आपलं घर आठवा. पुढच्या खोलीत खिडकीला लागून तिवई, तिवईवर ती टाकी. तुम्ही कामाला होते त्या कापसाच्या जिनच्या मालकांनी हौसेनं मुंबईहून आणलेली, आणि हौस फिटल्यावर तुमच्या गळ्यात मारलेली. लोखंडी चौकटीत बसवलेल्या काचा, आत चार लाल मासे. गल्लीतली माणसं बघायला यायची आणि जाताना हसायची. आपल्या घरात कांदासुद्धा चातुर्मासात बंद, आणि पुढच्या खोलीत मासे! "खायचे नाईत तं पोसून काहून राहिले?" असं शेजारच्या काकू आईला विचारायच्या. आई म्हणायची, "त्यांलेच इचारा. मले तं माणसायलेच पाणी पुरत नाई." तिचं खोटं नव्हतं. आपल्या विहिरीचं पाणी खारं. त्यात डाळ शिजत नसे, साबणाला फेस येत नसे, आणि मासे तर त्यात जगलेच नसते. गोडं पाणी नळाचं, गल्लीच्या तोंडाशी, रांगेत उभं राहून मिळायचं. उन्हाळ्यात तेही एक दिवसाआड. ते आणून रांजणात रात्रभर ठेवायचं, आणि शिळं झालं की माशांना द्यायचं. "माणसायले ताजं लागते, याहिले शिळं लागते," म्हणत आई रांजणावर झाकणी आपटायची.

रविवार सकाळ हा तुमचा वार. तुम्ही जिनमध्ये रुईची पारख करायचे. चिमटीत रुई धरून दोन्ही अंगठ्यांनी ओढायची आणि धागा किती लांब ते डोळ्यांनी नाही, बोटांनीच सांगायचं. त्यासाठी जिनमधल्या रुईच्या त्या धुक्यात दिवसभर उभं राहावं लागे. दिवाळीपासून फाल्गुनापर्यंत तुम्ही घरी यायचे ते भुवया पांढऱ्या करून, आणि अंगणात उभे राहून आधी खोकून घ्यायचे. रविवारी मात्र धुतलेलं धोतर, अंगात बनियन, आणि हातात ती लाल रबरी नळी. एक टोक टाकीत, दुसरं खिडकीतून बाहेर अंगणात. तुम्ही बाहेर पाटावर बसायचे, समोर बादली. नळीचं टोक तोंडात धरायचं, डोळे मिटायचे आणि ओढायचं. एका दमात. गाल आत घ्यायचे नाहीत, मध्ये थांबायचं नाही, छातीनं ओढायचं. पाणी ओठांशी आलं की टोक चटकन बादलीत. मी खिडकीत उभी राहून नळीचं आतलं टोक धरून ठेवायची, ते माझं काम. पाणी आलं की तुम्ही वर माझ्याकडे बघून भुवया उडवायचे. आजही तो चेहरा डोळ्यांपुढे येतो, आणि मग त्यामागे जे होतं तेही येतं.

आईचं भांडण नळीशी होतं. टाकीतून निघालेलं पाणी झाडांना फार चांगलं, हे तुम्हीच सांगायचे. मोगऱ्याला घालायला तिची ना नव्हती. पण तुळशीला? "तोंड लावलेलं पाणी तुयशीले कसं घालू? उष्टं झालं ना ते." तुम्ही समजावायचे की बाई, माझ्या तोंडाशी येते ते थेंबभर, बाकी सगळं माझ्या तोंडाला न लागता बादलीत जातं. "नळी तं तोंडातलीच हाय ना," ती म्हणायची. मग तुळशीसाठी गोडं पाणी वेगळं, रांगेतून, आमच्या डोक्यावरून. एका चैत्रात तिनं जाहीर केलं की आता पंप आणा. रॉकेल काढायला दुकानात असतो, तसला काही तरी. तोंड लागायला नको, पाणी वाया जायला नको. ती इतकी सरळ गोष्ट होती की तुम्ही ती टाळत का आहात हे मला कळेना.

त्याच्या आधीचा एक रविवार मला अजून टोचतो. तुम्ही न्हाणीत होते. आतून तुमचा खोकला ऐकू येत होता, थांबतच नव्हता. मला वाटलं, आज यांना त्रास नको. मी नळी टाकीत सोडली, बाहेर जाऊन पाटावर बसले आणि ओढलं. तोंडभर पाणी आलं, शेवाळाच्या वासाचं. थुंकले, पण बादली भरायला लागली होती आणि मी फार खूश होते. तुम्ही पंचा गुंडाळून बाहेर आले, बादलीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि नळी माझ्या हातातून हिसकून घेतली. टोक उचलून वर धरलं, पाणी मागं गेलं. "माया नळीले तोंड लावू नको! सांगून ठेवतो!" तुम्ही मला त्याआधी कधी ओरडले नव्हते. आणि मग तुम्ही पाटावर बसून पहिल्यापासून ओढलं. मी आत जाऊन रडले. मला वाटलं, उष्ट्याचं वेड आता तुम्हालाही लागलं. मला तेव्हा सतरावं चालू होतं आणि सगळ्या गोष्टींचा अर्थ मला लगेच लागायचा.

मग आपण अमरावतीला गेलो, मामांकडे मुंज होती म्हणून. आई आदल्या दिवशीच गेली होती. तुम्ही आणि मी मागून. मामा, आईचा भाऊ, वकील. पंगत उठल्यावर त्यांनी तुम्हाला बाजूला घेतलं आणि मी पानाचं तबक घेऊन तिथंच उभी होते. "भाऊजी, माझ्या कचेरीत एक टेबल रिकामं आहे. पंख्याखाली बसा, कागद सांभाळा. डॉक्टरांनी तुम्हाला काय सांगितलं ते ताईनं मला सांगितलंय. पुढच्या हंगामाला जिनात पाय ठेवू नका." तुम्ही सुपारी तोंडात टाकली आणि म्हणाले, "पाहू. दसऱ्यापर्यंत सांगतो." मामांना ते पुरलं. आईला पुरलं नाही. तिला अमरावतीला यायचंच होतं, माहेरच्या गावी, गोड्या पाण्याच्या गावी, आणि मुख्य म्हणजे धुळीपासून लांब. तिनं निघताना मला बजावलं, "मी चार दिवस राहून येतो. तू त्यांच्यासंगं जवाहर गेटाकडून जाय आन पंप घेतल्याबिगर गाडीत बसू नको."

जवाहर गेटाजवळच्या त्या दुकानातली दुपार मला जशीच्या तशी आठवते. लांबट, अंधारं दुकान, खिळे-बिजागऱ्यांचा वास, आणि गादीवर बसलेले बोहरी शेठ. टाकीतलं पाणी काढायचंय म्हटल्यावर त्यांना फारच रस आला. आधी त्यांनी रॉकेलचा पत्र्याचा पंप काढला. तुम्ही तो नाकाशी नेला आणि म्हणालात, कोरा असला तरी याले तेल लावलेलं हाय, मासे मरतीन. मग पितळी पिचकारी आली, बैलाला औषध पाजायची. तिनं संध्याकाळ होईल. मग कोपऱ्यातून फवारणीचा पंप. तो बघून तर तुम्ही मागेच सरकलात. कपाशीवर विष मारायची वस्तू माशांच्या पाण्यात कशी घालायची? इथवर मला तुमचं पटत होतं. शेवटी शेठ आत गेले आणि असाच गोळा घेऊन आले. लाल रबरी, दोन्ही बाजूंना नळी. त्यांनी पोराला बादली आणायला सांगितली, एक टोक बादलीत सोडलं आणि गोळा तुमच्या हातात दिला. "दबाओ साब." तुम्ही दाबला. परत दाबला. पाणी असं आलं की शेठच्या गादीवर उडालं आणि शेठ स्वतःच हसले. "अब मुँह लगाने का काम नहीं. घर में खुशी." तुम्ही गोळा उलटसुलट करून पाहिला. आणि मग अगदी हळू, अंडं ठेवावं तसा तो खाली ठेवला. "रबर कडक हाय," तुम्ही म्हणाले. रबर कडक नव्हतं, बाबा. मीही ते दाबून बघितलं होतं.

बडनेऱ्याला गाडीची वाट बघत आपण बाकावर बसलो आणि मी तुमच्याशी बोलत नव्हते. तुम्ही माझ्यासाठी संत्री घेतली. मी ती मांडीवर तशीच ठेवली. "काहून रागावून राहिली?" तुम्ही विचारलं. मी म्हटलं, आईला मी काय सांगू? तिथं चांगला पंप होता, तुम्ही मुद्दाम नाही घेतला. तुम्ही म्हणाले, "पंप घेतला तं मले कसं समजंल?"

"काय?"

"छातीत किती उरलं ते." तुम्ही छातीवर हात ठेवला नाही, काही नाही, बाजारभाव सांगावा तसं सांगितलं. "डाक्टर एक दिस पायते, कान लावते, मान हालवते. मी दर रविवारी पायतो. एका दमात पाणी आलं तं समजाचं, हाय अजून. मागच्या माघात एकदा दोन दमात आलं होतं. तवा तू खिडकीत होती, तुले समजलं नाई." मग तुम्ही संत्रं सोलून माझ्या हातात दिलं. "तुह्या मामाले मी दसऱ्याले सांगीन म्हणलो ना. ते असंच नाई म्हणलो. दसऱ्याच्या रविवारपर्यंत एका दमात पाणी येत रायलं तं जिनात जाईन. नाई आलं तं मी सोताच त्याले कागद टाकतो, कचेरीत येऊन बसतो. पण मले खोटं नाई पायजे. म्हणून पंप नाई पायजे. आन तुह्या आईले सांगू नको. ते घाबरंल." मी संत्रं खाल्लं. मला वाटलं, केवढी मोठी गोष्ट यांनी मला सांगितली, आणि ती मी जपली. आईला सांगितलं की दुकानं बंद होती.

मला वाटलं होतं, आई आकांडतांडव करेल. तिनं नुसतं "बरं" म्हटलं. पुन्हा पंपाचं नावही काढलं नाही. उलट तिनं क्रोशाची सुई काढली आणि पांढऱ्या दोऱ्याची वीतभर झालर विणायला घेतली. रेडिओवर, उशांवर, तांब्याच्या झाकणावर असतात तशीच, पण ही टाकीसाठी. वरच्या काठाला चारी बाजूंनी बांधली. मी हसले, "माशांले परकर शिवला काय?" तुम्हाला मात्र ती झालर फार भिडली. तुम्ही मला बाजूला घेऊन म्हणाले, "पाय, शेवटी तिलेही लळा लागलाच." त्या उन्हाळ्यात टाकीचं पाणी रोज आटायचं, अकोल्याचं ऊन तुम्हाला माहीत आहे, पण झालरीमुळे ते दिसत नसे. आणि रविवारी, मी नळावरून कळशी घेऊन परतायची तोवर तुम्ही धुतलेल्या धोतरात तयार असायचे. मी खिडकीत जाऊन टोक धरायची. तुम्ही डोळे मिटायचे. आणि पाणी यायचं, बाबा. एका दमात, सहज. ज्येष्ठात आलं, आषाढात आलं. गणपतीत तर इतकं पटकन आलं की तुमच्या बनियनवर सांडलं आणि तुम्ही मोठ्यानं हसले. तुमच्या भुवया उडायच्या तेव्हा आता आपल्या दोघांचं गुपित होतं. मी देवाला साखर ठेवायची. कुठेही जिना चढताना तुम्ही थांबायचे, ते मला दिसत होतं. पण आपण तर ठरवलं होतं ना, की मोजायचं ते नळीनं.

एक गोष्ट त्या वेळी मला चमत्कारिक वाटली होती. आईचे केस. तिचे केस मऊ होते, लांब. त्या उन्हाळ्यात ते राठ झाले, सुंभासारखे. ती विहिरीच्या खाऱ्या पाण्यानं न्हायला लागली होती. मी म्हटलं, "अगं, मी आणतो ना नळाचं." ती म्हणाली, "मले खारंच बरं वाटते, थंड असते."

दसऱ्याच्या रविवारी पाणी एका दमात आलं. तुम्ही मामांना पोस्टकार्ड टाकलं की प्रकृती ठीक आहे, यंदाचा हंगाम करतो, पुढचं पुढे. आईनं कार्ड वाचलं आणि स्वैपाकघरात जाऊन बसली. मी तिला समजावत होते, "बाबा खरंच बरे आहेत." मला पुरावा माहीत होता ना. दिवाळीनंतर जिन सुरू झाली. पौषात तुम्हाला रात्री बसून झोपावं लागायला लागलं. माघाच्या पहिल्या रविवारी नळी खुंटीवरच राहिली, दुसऱ्यालाही, आणि तिसरा रविवार तुम्ही पाहिला नाही.

त्यानंतर आम्ही दोघी अमरावतीला आलो, मामांच्या आधारानं. मासे शेजारच्या काकूंना दिले, टाकी मात्र आईनं गाडीत घालून आणली आणि तीत तांदूळ भरून ठेवले. मी शिकले, नोकरीला लागले. एकदा, शाळेला सुट्टी होती, आई भाकरी थापत होती आणि मी समोर बसून जेवत होते. कशावरून तरी तुमचा विषय निघाला आणि ती हसायला लागली. "तुले एक गंमत सांगू? मी तुह्या बाबाले फसवलं." भाकरी तव्यावर टाकून तिनं पिठाचे हात पदराला पुसले. "तुमी पंप आणला नाई ना, तवाच मले समजलं. मले माहीत होतं ते नळीनं काय पायतात ते. मागं एकदा माघात ते दोन दमात ओढून राहिले होते, मी दारातून पायलं होतं. नळी अंगणात टाकून किती वेळ बसले होते पाटावर. मले नाई पायवलं. मंग म्या झालर लावली. तू नळावर गेली की टाकीत कळशीभर पाणी ओताची मी, पार काठापर्यंत. पाणी वर असलं तं ओढाले जोर लागत नाई ना. झालरीआड काय दिसते? बिचारे दर रविवारी कसे खूश व्हायचे!" ती तुमच्यासारख्या भुवया उडवून दाखवायला लागली. तिच्या न्हाण्याच्या गोड्या पाण्याची ती कळशी. मग तिनं विचारलं, "चांगलं केलं ना म्या?"

भाकरी फुगली होती. तिला तुमची आणि माझी बडनेऱ्याची गोष्ट माहीत नव्हती. तिला वाटत होतं, तिनं तुम्हाला थोडे सुखाचे रविवार दिले. आणि दिलेच की. फक्त त्या रविवारांवर तुम्ही काय लावून बसले होते, ते तिला कुणी सांगितलं नव्हतं, कारण ती घाबरली असती. तिला अमरावतीला यायचं होतं, तुम्हाला घेऊन यायचं होतं. आणि दर रविवारी, स्वतःच्या डोक्यावरचं पाणी वाचवून, ती तुम्हाला जिनात परत पाठवत होती. मी म्हटलं, "चांगलं केलं आई." ती भाकरी उलटायला वळली. ती पुढे खूप वर्षं जगली आणि ही गंमत तिनं माझ्या सासरी सुद्धा सांगितली. मी दर वेळी हसले.

मला तिचा राग कधीच आला नाही. तुमचा येतो. लिहिताना आत्ताही येतो आहे. एक तर तुम्ही तुमचा जीव एका रबरी नळीवर टांगला आणि ते सांगितलं कुणाला, तर सतरा वर्षांच्या पोरीला, वर तोंड बंद ठेवायची शपथ. तुम्ही आईलाच सांगितलं असतं तर? ती घाबरली असती, रडली असती, आणि दुसऱ्या दिवशी सामान बांधलं असतं. एवढंच ना? आणि दुसरं. या दुसऱ्यानं मला जास्त छळलं आहे. तुमची बोटं रुईचा धागा बघायची. एवढासा फरक तुम्हाला कळायचा, मालक तुमच्या चिमटीवर रुईच्या गाठी विकायचे. मग पाणी इतकं सहज येतंय, ऐन उन्हाळ्यात, आटण्याच्या दिवसांत, हे तुमच्या छातीला कळलं नाही? झालर उचलून बघावीशी वाटली नाही? का बघितलीत, आणि परत नीट खाली सोडलीत? कचेरीच्या टेबलाशी मेहुण्याच्या पंख्याखाली बसण्यापेक्षा तुम्हाला जिनच बरी वाटत होती का? "मले खोटं नाई पायजे" म्हणणाऱ्या माणसाला ते खोटं गोड लागलं का? कधी वाटतं, तुम्हाला कळलं होतं, आणि मग आई सुटते. कधी वाटतं, नव्हतं कळलं, आणि मग तुम्ही सुटता. दोघंही एकदम सुटत नाहीत. या हिशेबात मी म्हातारी झाले.

आता माझ्याकडचं ऐका. आम्ही दुसऱ्या मजल्यावर राहतो. हल्ली मधल्या वळणावर मी थांबते, पिशवी खाली ठेवते, शेजारणीच्या दाराकडे बघितल्यासारखं करते. सून मागून येत असली तर ती पण थांबते. तिनं दोनदा डॉक्टरांकडे चला म्हटलं, दोन्ही वेळा मी म्हणाले, पाहू. हे "पाहू" तुमचं आहे, ते मला म्हणतानाच ओळखू येतं. टाकी तिनं माझ्यासाठीच आणली आहे, दिवसभर मी एकटी असते म्हणून. आणि पंप कशाला हवा असं मी विचारलं तर म्हणाली, "तुम्ही तोंडानं ओढता ना, एकदा बाजारातून लवकर परतले तेव्हा दिसलं, ते मला बघवत नाही." तेव्हा मी उठून टाकीतलं पाणी कुठवर आहे ते बघितलं.

पंप हाताचाच ठेवावा असं मला वाटतं. रबर मऊ आहे, दोनदा दाबलं की पाणी येतं, वीज गेली तरी अडत नाही, आणि उष्टं होत नाही. तिला तेच सांगणार आहे. पण एक राहिलं. गेले कित्येक रविवार ती बाजारात गेली की मी नळी काढते. ती टाकी नेहमी काठोकाठ भरून ठेवते, प्रेमानंच. मी आधी त्यातलं दोन तांबे पाणी काढून घेते, हातानं, कुणी मला फसवायला नको म्हणून. मग बाल्कनीत स्टुलावर बसते, डोळे मिटते आणि ओढते. परवाच्या रविवारी पाणी दोन दमात आलं. संध्याकाळी ती घरी आली की पंपाच्या आधी हे सांगायचं, असं ठरवून मी सकाळपासून लिहायला बसले आहे. आणि तिच्या गाडीचा आवाज आत्ता खाली आला, तर पहिला विचार मनात आला तो हा कागद कुठे लपवू, असा.